मानसशास्त्राची पदवी: 'हे कशावरून?' विचारायला शिकण्याची वर्षं

पहिल्या सत्राच्या विषयांची यादी हातात पडते, तीत 'संख्याशास्त्र' आणि 'संशोधन पद्धती' ही नावं दिसतात आणि तिथेच बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. आपण आलो माणसं समजून घ्यायला, मग हे गणित कशाला? या शंकेचं निरसन पहिल्याच आठवड्यात झालेलं बरं, कारण पुढची सगळी वर्षं गाठ याच दोन विषयांशी पडणार आहे. स्मृती, बालविकास, व्यक्तिमत्त्व, मनोविकार हे बाकीचे विषय त्यांच्याच पायावर उभे आहेत. माणसांबद्दल ठाम विधानं सगळेच करतात. मानसशास्त्राचा विद्यार्थी त्यावर "हे कशावरून?" असं विचारतो, आणि मिळालेलं उत्तर पारखायची रीत त्याला ठाऊक असते. ती रीत अंगवळणी कशी पाडायची, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

प्रवेश घेण्याआधी

दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. एक, या पदवीच्या बळावर समुपदेशन किंवा उपचार करता येत नाहीत. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचा सराव आणि त्या त्या देशाच्या नियमांनुसार नोंदणी लागते. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं असेल तर वाटच वेगळी आहे, तिची सुरुवात वैद्यकीय शिक्षणापासून होते. दोन, स्वतःच्या मनाला होणारा त्रास समजून घ्यावा म्हणून हा विषय निवडत असाल, तर त्यात गैर काही नाही, पण वर्गात शिकणं म्हणजे उपचार नव्हेत. त्या त्रासासाठी मदत वेगळी घ्या आणि ती पदवी संपेपर्यंत लांबवू नका.

चेतापेशी, मेंदूचे भाग, संप्रेरकं हा जीवशास्त्राचा भागही अभ्यासात असतो. शाळेत जीवशास्त्र नसलं तरी चालतं. चेतापेशीतून संदेश कसा जातो हे चित्र काढून समजावता आलं, की सुरुवातीपुरतं पुरे.

पहिला महिना: शब्दांची वही

मानसशास्त्राची गंमत आणि अडचण एकच आहे. त्याचे शब्द रोजच्या बोलण्यातले वाटतात, अर्थ मात्र वेगळे असतात. रसायनशास्त्रात अनोळखी शब्द दिसला की माणूस थांबतो. इथे शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून तो थांबत नाही, आणि चूक परीक्षेच्या पेपरात उघडी पडते.

सर्वांत जास्त गुण घालवणारं उदाहरण म्हणजे 'नकारात्मक प्रबलन'. बहुतेक नवखे विद्यार्थी त्याचा अर्थ शिक्षा असा लिहितात. प्रबलन म्हणजे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढणं. नकारात्मक म्हणजे काहीतरी काढून घेणं. गाडीत पट्टा लावला की कर्कश आवाज बंद होतो, म्हणून आपण पुढच्या वेळी पट्टा लावतो, हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेत वर्तन कमी होतं, म्हणजे परिणाम अगदी उलटा.

वहीत प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी लिहा: स्वतःच्या शब्दांत व्याख्या, एक उदाहरण, आणि ज्याच्याशी गल्लत होते तो शब्द. विश्वसनीयता आणि वैधता ही जोडी पहिल्याच पानावर हवी. घरातला वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, कारण तो दर वेळी सारखंच सांगतो. पण तो वैध नाही, कारण सांगतो ते खरं वजन नव्हे. मानसशास्त्रीय चाचण्यांवरचे निम्मे वाद या दोन शब्दांत सापडतात. पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंध इंग्रजीत वाचणार असाल, तर तिथला शब्दही शेजारी लिहून ठेवा. मराठी परिभाषा पुस्तकागणिक बदलते, इंग्रजी संज्ञा त्या मानाने स्थिर असते.

संख्याशास्त्र: आधी हाताने, मग संगणकाने

गणित कच्चं असलं तरी हा विषय जमतो. बेरीज, भागाकार, वर्गमूळ एवढं पुरतं. अडतं ते अर्थ न कळता सूत्र पाठ केल्यामुळे.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यमानापासून (सरासरीपासून) किती पसरले आहेत याचं माप, एकदा तरी हाताने काढा. ४, ६, ७, ८, १० हे पाच गुण घ्या. मध्यमान ७. प्रत्येक गुणाचा मध्यमानापासूनचा फरक −३, −१, ०, १, ३. त्यांचे वर्ग ९, १, ०, १, ९, बेरीज २०. तिला पाचाने न भागता चाराने भागा, उत्तर ५, त्याचं वर्गमूळ सुमारे २.२४. चाराने का? मध्यमान याच पाच आकड्यांतून काढलं, त्यामुळे त्याच्यापासूनचे फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान निघतात. एकने कमी भागून ती तूट भरून काढायची. हे एकदा समजलं, की पुढच्या चाचण्यांमध्ये 'स्वातंत्र्य मात्रा' (इथे पाचातून एक वजा, म्हणजे चार) हा शब्द भीतीदायक वाटत नाही.

दुसरी अडचणीची जागा पी-मूल्य. व्याख्या शब्दशः ध्यानात ठेवा: शून्य गृहीतक, म्हणजे 'परिणाम किंवा फरक नाही' हे गृहीतक, खरं आहे असं धरलं, तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. पी-मूल्य ०.०३ आलं म्हणजे तुमचं गृहीतक खरं असण्याची शक्यता ९७ टक्के झाली, असं मुळीच नाही. आणखी एक हिशेब करून पाहा. खरा परिणाम कुठेच नसताना ०.०५ च्या पातळीवर, म्हणजे पी-मूल्य त्याहून कमी आलं की निकाल 'लक्षणीय' धरून, एकमेकांपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या केल्या, तर निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून खूप चाचण्या करून जमलेली तेवढी सांगणं ही फसवणूक ठरते, मग हेतू कितीही प्रामाणिक असो.

तिसरी जागा नमुन्याचा आकार. दोन वेगळ्या गटांत मध्यम फरक, म्हणजे कोहेनचा डी (मध्यमानांतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत) ०.५, पकडायचा असेल, पातळी ०.०५ ची दुहेरी (फरक कुठल्याही दिशेचा चालेल अशी) असेल आणि परिणाम सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक लहान, ०.२ असेल, तर हाच आकडा प्रत्येक गटात ३९० च्या पुढे जातो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प १५-१५ जणांवर उरकले जातात आणि मग 'परिणाम आढळला नाही' असं लिहिलं जातं. तिथे परिणाम नव्हता असं म्हणता येत नाही, तो दिसण्याइतकी माणसंच नव्हती.

संगणकासाठी जामोवी किंवा जॅस्प ही मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला सोयीची. पुढे संशोधनात जायचं असेल तर दुसऱ्या वर्षापासून आर ही संख्याशास्त्रासाठीची संगणकीय भाषा शिकायला घ्या. पहिले काही आठवडे त्रास होतो, पण केलेलं प्रत्येक पाऊल लिहिलेलं राहतं आणि चूक शोधता येते.

शोधनिबंध वाचायचा क्रम

शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सारांश. मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण गृहीतक बहुधा तिथे असतं. मग पद्धती, आणि ती सावकाश: किती सहभागी, ते कोण होते, त्यांना गटांत कसं विभागलं, नेमकं काय मोजलं. त्यानंतर आलेख आणि तक्ते. इथे थांबा आणि निष्कर्ष स्वतः लिहून काढा. मगच लेखकांची चर्चा वाचा. तुमचा निष्कर्ष आणि त्यांचा निष्कर्ष यांत फरक पडला, तर नेमकी तीच जागा सर्वांत जास्त शिकवून जाते. पहिल्या काही निबंधांना दीड-दोन तास लागतील, सवय झाली की पाऊण तासात निभावतं. शेवटी अर्ध्या पानाचं टिपण करा. नुसत्या रंगीत रेघोट्या मारलेला निबंध महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो.

सहभागी कोण होते, हा प्रश्न वरवरचा नाही. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मानसशास्त्रातले बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतल्या माणसांवर बेतलेले आहेत, आणि ही माणसं जगाच्या तुलनेत अनेक बाबतींत अपवादात्मक आहेत. 'माणूस असा वागतो' असं वाक्य दिसलं की कुठला माणूस, हे विचारून घ्या.

गाजलेले प्रयोग वाचताना

पाठ्यपुस्तकांत प्रयोगांच्या गोष्टी होतात, आणि गोष्ट जितकी चटकदार तितकी तपासून घ्यावी. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून झाला आणि ३८ साक्षीदार नुसते बघत राहिले, ही कथा पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की ३८ जण निष्क्रियपणे बघत होते याला पुरावा नाही. पण त्या कथेतून स्फुरलेलं डार्ली आणि लाताने यांचं १९६८ चं संशोधन मात्र वाचण्याजोगं आहे. त्यात सहभागींना इंटरकॉमवरून एका माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकवलं. आपण एकटेच ऐकत आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण त्या माणसाच्या मदतीला तो झटका ओसरायच्या आत धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. मूळ कथा डळमळीत निघाली तरी तिच्यावरून केलेला प्रयोग आपल्या पायांवर उभा राहू शकतो. हा भेद उत्तरपत्रिकेत मांडलात तर परीक्षकाला कळतं, की विद्यार्थ्याने विचार केला आहे.

मिल्ग्रॅमच्या आज्ञापालनाच्या अभ्यासात प्रयोगकर्ता सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) वाढते झटके द्यायला सांगत असे. १९६३ च्या निबंधात, ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळे पाठ करतात. पुढच्या आवृत्त्यांत प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा पूर्ण आज्ञापालन सुमारे २० टक्क्यांवर आलं, हे फार थोडे लिहितात. खरी माहिती या बदलात आहे, कारण आज्ञापालन कशावर अवलंबून असतं ते तिथे दिसतं. माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा मास्लोचा पिरॅमिडही त्यातलाच: त्याच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृती नाही.

२०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम लक्षणीय होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांतच निघाला. हे वाचून विषयावरचा विश्वास उडण्याचं कारण नाही. मानसशास्त्राने स्वतःचीच झडती घेतली आणि निकाल जाहीर केला, ही आमच्या मते या विषयाची मोठी कमाई आहे. तुम्हाला मात्र एक सवय लावून घ्यावी लागेल: प्रसिद्ध परिणामाचं नाव लिहिताना त्याची पुनरावृत्ती झाली का, हे पाहायचं.

प्रात्यक्षिकं

रंगांची नावं वेगळ्याच रंगाच्या शाईत छापून शाईचा रंग सांगायला लावणारा स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग किंवा म्युलर-लायर भ्रम (टोकांवरच्या बाणांच्या दिशेमुळे दोन सारख्या रेषा लहान-मोठ्या वाटणं) बहुतेक ठिकाणी करून घेतात. उपकरण साधं, म्हणून मुलं घाईने उरकतात आणि निकाल वेडेवाकडे येतात. बहुतेकदा क्रमाची चूक असते. स्ट्रूपमध्ये सगळ्यांना आधी सोपी यादी आणि मग अवघड दिली, तर दुसऱ्या यादीवर सरावाचा आणि थकव्याचा असर पडतो, आणि तो शब्द-रंगाच्या संघर्षापासून वेगळा काढता येत नाही. निम्म्या सहभागींना क्रम उलटा द्या. म्युलर-लायरमध्ये निम्म्या वेळा सरकती रेषा आधी लहान ठेवून वाढवा, निम्म्या वेळा मोठी ठेवून कमी करा, आणि डावी-उजवी बाजूही बदलत राहा. नाहीतर हात कुठल्या दिशेने सरकतो त्याची चूक भ्रमाच्या खात्यावर जमा होते.

सूचना कागदावर लिहून प्रत्येकाला त्याच शब्दांत वाचून दाखवा. मित्राला हसत 'लवकर कर रे' म्हटलं आणि अनोळखी माणसाला नाही, तर तुम्ही दोन वेगळे प्रयोग केलेत.

प्रश्नावली वापरताना उलट्या विधानांकडे लक्ष ठेवा. '१ ते ५' च्या मापावर 'मला स्वतःबद्दल अभिमान वाटतो' आणि 'मी निरुपयोगी आहे असं मला वाटतं' ही दोन्ही विधानं असतील, तर दुसऱ्याचे गुण उलटवावे लागतात. सहातून मूळ गुण वजा करा, म्हणजे ५ चा १ होतो आणि २ चा ४. हे राहून गेलं की क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, खूप खाली येतो, कधी चक्क ऋण निघतो. साधारण ०.७० च्या वरचा अल्फा समाधानकारक मानतात. तो ०.२० आला तर प्रश्नावलीला दोष देण्याआधी उलटी विधानं तपासा.

अहवाल लिहिताना

पद्धती हा भाग प्रयोगाच्या दिवशीच लिहून टाका. आठवड्याने 'विश्रांती किती सेकंद दिली होती?' हे कुणालाच आठवत नाही. कसोटी एकच: तुमचा अहवाल वाचून दुसऱ्या गावचा अनोळखी विद्यार्थी तोच प्रयोग तुम्हाला काही न विचारता करू शकला पाहिजे. त्यानंतर निष्पत्ती, मग प्रस्तावना आणि चर्चा, सारांश सर्वांत शेवटी.

प्रस्तावना नरसाळ्यासारखी असावी. वर विषय, खाली अरुंद होत तुमचं गृहीतक. 'प्राचीन काळापासून मानवाला मनाचं कुतूहल आहे' हे वाक्य कुठल्याही अहवालाला चिकटवता येतं, म्हणून ते तुमच्या अहवालात नको.

निष्पत्तीत आधी साध्या भाषेत काय आढळलं ते, मग आकडे: टी(३८) = २.४५, पी = .०१९, डी = ०.७७ (टी हे चाचणीचं मूल्य, कंसात स्वातंत्र्य मात्रा). पी-मूल्याच्या दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत, कारण ते मूल्य एकच्या वर जाऊच शकत नाही. डी जाऊ शकतो, म्हणून तिथे शून्य लिहितात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजे एपीए, शैलीतले असे नियम सुरुवातीला जाचक वाटतात, पण बहुतेकांमागे असं काही कारण असतं.

चर्चेत 'नमुना लहान होता' एवढंच लिहून सुटका होत नाही. त्या मर्यादेने निकाल कोणत्या बाजूला झुकला असेल, तेही लिहा.

अभ्यास कसा करायचा

इथे आपल्याच विषयाचं ऐकावं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा चार फेऱ्यांत वाचला, काहींनी एका फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिल्या गटाला ८३ टक्के आठवलं, दुसऱ्याला ७१. आठवड्यानंतर पहिला गट ४० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६१ वर राहिला. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाचन इतकं भरवशाचं का वाटतं, हे त्या पाच मिनिटांच्या आकड्यात दिसतं. म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून गाळलेलं वेगळ्या शाईने भरा. दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा.

मनोविकारांचा पेपर

हा पेपर सुरू झाला की स्वतःत, मैत्रिणीत, भावात लक्षणं दिसू लागतात. असं जवळपास प्रत्येकाला होतं. निकष पूर्ण वाचलेत की हे बरंच ओसरतं. डीएसएम-५, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची पुस्तिका, हिच्यानुसार तीव्र नैराश्याच्या अवस्थेसाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, बहुतेक सगळा दिवस जवळजवळ रोज लागतात. त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा रस उडणं यांपैकी एक असलंच पाहिजे, आणि त्यामुळे लक्षणीय त्रास किंवा कामात बिघाड हवा. विद्यार्थी लक्षणं पाठ करतात आणि कालावधी व बिघाड विसरतात, पेपरातही आणि आयुष्यातही. निकष माहीत झाले म्हणून कुणाचं निदान करू नका. आणि स्वतःबद्दलची काळजी खरोखर टिकून राहिली, तर पुस्तक बाजूला ठेवून तज्ज्ञाला भेटा.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

विषय अरुंद हवा. 'समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम' हा विषय नव्हे, तो एका ग्रंथालयाचा मथळा झाला. 'झोपण्याआधीच्या तासात फोन वापरलेल्या मिनिटांचा झोप लागण्याच्या वेळेशी सहसंबंध' हे मोजता येतं. निघालेला संबंध हा सहसंबंधच राहतो, कारण झोप येत नाही म्हणूनही माणूस फोन हातात घेतो.

नैतिक मंजुरीला आठवडे लागतात, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या. संमतीपत्रात काय करायचं आहे, किती वेळ लागेल, कधीही कारण न देता थांबता येईल, माहिती कशी जपली जाईल, हे साध्या भाषेत लिहा. काही लपवलं असेल तर शेवटी सहभागींना सगळं समजावून सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आघात, आत्महत्या, अत्याचार असे विषय पदवीच्या प्रकल्पासाठी टाळाच. उत्तर देताना कुणी कोसळलं, तर त्याला सावरण्याचं प्रशिक्षण तुमच्यापाशी नसतं.

प्रत्यक्ष माहिती गोळा करण्याआधी तीन ते पाच जणांवर रंगीत तालीम करा आणि त्यांना प्रत्येक प्रश्न वाचताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगा. दुहेरी प्रश्न, म्हणजे 'तुमचे शिक्षक प्रेमळ आणि शिस्तप्रिय आहेत का?' यासारखे, इथेच पकडले जातात. गृहीतक आणि कोणती चाचणी करणार, हे तारीख घालून आधी लिहून मार्गदर्शकांना द्या. माहिती आली की मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा, प्रतीवर काम करा, आणि कोणत्या सहभागीला का वगळलं हे त्याच दिवशी एका वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्या कागदावरचाच असतो.